तीन वेळा पायावर

मी बोलतोय तो दूध संस्थेच्या मागच्या खोलीतून. इथे भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या आहेत आणि त्यांवर माझी लांबलचक पिशवी आडवी ठेवली आहे. खाली पशुखाद्याची पोती आहेत. सकाळी दूध घालायला आलेली माणसं दारातून डोकावतात आणि विचारतात, "वर काय हाय ते? तंबू हाय का?"

मी तंबू नाही. मी एक हँग ग्लायडर आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या, पोलादी तारा आणि डेक्रॉनचं कापड, एवढाच माझा संसार. माणूस माझ्याखाली स्वतःला पट्ट्यांनी टांगून घेतो, कड्यावर पळत सुटतो, आणि पाय जमिनीवरून सुटले की आम्ही दोघं मिळून उडतो. मला इंजिन नाही. वर जाणं वाऱ्याच्या मर्जीवर. खाली येणं मात्र ठरलेलं.

माझा जन्म परदेशातला. तिथलं काही आठवत नाही. पुण्याच्या एका इंजिनिअरने मला सहा वर्षं कामशेतच्या डोंगरावर उडवलं. त्याचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्याने मला विकायला काढलं.

बीड जिल्ह्यात मी आलो तो एका अभ्यास दौऱ्यामुळे. लिंबागणेशच्या बाजूला, घाटाच्या कडेखाली एक गाव आहे. तिथल्या सहकारी दूध संस्थेने सभासदांचा पुण्याकडे दौरा काढला होता. मोठी डेअरी बघायची, थंड दुधाच्या टाक्या बघायच्या, जेवायचं आणि परत यायचं. पुण्याच्या पुढे कामशेतला चहाला बस थांबली आणि तिघांना डोंगरावर पंख दिसले. एक रामकिसन, संस्थेचा चिटणीस. दुसरा धर्मराज, सहकारी साखर कारखान्यात वेल्डर. तिसरा बिभीषण, मेंढरं राखणारा, घरच्या एका म्हशीपुरता संस्थेचा सभासद. तिघं बघत उभे राहिले आणि बस निघून गेली.

"हे आपल्या घाटाच्या कडंवरूनबी जमंल," धर्मराज म्हणाला.

"जमंल," रामकिसन म्हणाला, "पन ठराव घ्यावा लागंल."

सहकारातल्या माणसाला ठरावाशिवाय काही करता येत नाही, हे मला पुढे कळलं. तिघं आळीपाळीने कामशेतला जाऊन उडायला शिकले. मग त्यांनी मला घेतलं आणि दुधाच्या टेम्पोच्या टपावर बांधून गावी आणलं. माझ्या कापडाला आंबूस वास लागला तो तेव्हापासून. तिघांनी मिळून एक संस्था काढली. तिची कुठे नोंदणी नव्हती, पण प्रोसिडिंगची वही होती. बिभीषण चेअरमन झाला, कारण चेअरमनला सहीपलीकडे काही लिहावं लागत नाही. रामकिसन अर्थातच चिटणीस. घाटाच्या कडेवर मला जोडून झालं की उडायच्या आधी सभा व्हायची. वहीत 'उपस्थित' म्हणून नावं लिहायची, सह्या करायच्या, मगच टेक-ऑफ. वारा पडेपर्यंत सह्या चालल्या, असंही एकदा झालं.

उडणं तिघांनाही लवकर जमलं. अडचण होती ती उतरण्याची.

उतरताना वाऱ्याकडे तोंड करून यायचं. जमिनीलगत आलं की हात उभ्या नळ्यांवर वर घ्यायचे आणि मला आपोआप मंदावू द्यायचं. मी आता पडणार असं वाटतं तो एक क्षण असतो. त्या क्षणी दोन्ही हातांनी मला वर आणि पुढे रेटायचं. माझं नाक वर उठतं, मी हवेत थबकतो, आणि माणूस जिना उतरल्यासारखा जमिनीवर पाय ठेवतो. लवकर रेटलं तर मी वर उसळून आपटतो. उशीर झाला तर नाकावर जातो. ते तिघं याला नुसतं 'रेटा' म्हणायचे.

बिभीषणला रेटा दुसऱ्याच दिवशी साधला. धर्मराजला साधेना. तो गुडघ्यावर यायचा, कधी पोटावर यायचा, आणि माझी एक उभी नळी वाकायची. या नळ्या त्यासाठीच असतात. माणसाचा हात मोडण्याआधी त्यांनी वाकायचं असतं. तरी एकदा त्याचं उजवं मनगट तडकलंच आणि दोन महिने हात गळ्यात आला.

वाकलेल्या नळ्या धर्मराजची बायको वत्सलाबाई घेऊन जायची. परसात तिने त्यांचा कारल्याला मांडव केला होता. कोणी विचारलं तर ती एकेका नळीला हात लावून सांगायची, "ही संक्रांतीची. ही पोळ्याच्या आदल्या दिवशीची. आन ही लेकीला सासरहून आनायला जायचं व्हतं त्या दिवशीची. तवा जाणं बी ऱ्हायलं."

मग दोन हजार बाराचा पावसाळा कोरडा गेला. ऊस नाही म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. गावाला टँकर सुरू झाला. गावाखालचा पाझर तलाव आटला आणि त्याचा तळ उघडा पडला. केवढं सपाट मैदान! झाड नाही, बांध नाही, तार नाही. उतरायला इतकी चांगली जागा त्या तिघांना कधी मिळाली नव्हती. ते याबद्दल फारसं बोलत नसत. गाव हंडे घेऊन रांगेत उभं असताना कोणत्या तोंडाने बोलणार?

धर्मराजच्या हाताला काम नव्हतं. आयुष्यभर ठिणग्यांकडे बघणारा माणूस दिवसभर ओट्यावर बसून राहायचा. माझ्याखाली टांगून घेतलं की मात्र त्याचा श्वास लांब व्हायचा. तो मला अंगावर कळायचा.

नववी नळी वाकली त्या दिवशी वत्सलाबाई स्वतः सभेला आली. डोक्यावरचा पदर खोचून वहीसमोर बसली.

"चिटणीस, लिव्हा."

"काय लिव्हू, वहिनी?"

"ह्यांनी माझ्या म्होरं लागोपाठ तीनदा पायावर उतरायचं. न्हाईतर हे पंखाड इकून टाकायचं. उद्या कारखाना पेटला आन ह्यांचा हात गळ्यात असला, तर वेल्डिंगचे टाके कोनी मारायचे? मी?"

रामकिसनने लिहून घेतलं. ठराव क्रमांक सात: श्री. धर्मराज यांनी सौ. वत्सलाबाई यांच्या समक्ष लागोपाठ तीन वेळा पायावर उतरावे. तसे होईपर्यंत त्यांनी इतर वेळी उडू नये. सूचक, सौ. वत्सलाबाई. अनुमोदक, श्री. बिभीषण. सर्वानुमते मंजूर.

"सर्वानुमते कुठं?" धर्मराज म्हणाला. "मी न्हाई म्हनलोय."

"तुमचं मत बाद. तुमी लाभार्थी हाव," रामकिसन म्हणाला.

"आन तू कावून अनुमोदन दिलंस बे?" धर्मराजने बिभीषणला विचारलं.

"चेअरमन हाय मी," बिभीषण म्हणाला. "आन मला तुजी बायको दिसती समोर. तू न्हाई."

अशी वत्सलाबाई सभासद झाली. सांडव्याजवळ मुरमाचा एक उंचवटा होता, तिथे ती बसायची. आम्ही कडेवरून निघालो की उभी राहायची, उतरलो की बसायची. धर्मराज गुडघ्यावर आला की ओरडायची, "शून्य!" आवाज तळाच्या दुसऱ्या टोकाला जायचा.

त्याची चूक काय होती, ते तिनेच शोधलं. रामकिसन सांगून थकला होता, हात वर घे, घाई करू नको. एकदा तिने त्याला थांबवून विचारलं, "अवो, उतरताना तुमी बघता कुठं?"

"जमिनीकडं. आनिक कुठं बघू?"

"डोक्यावर दोन हंडे घेऊन टँकरपासून घरी येते मी. पायाकडं बघते का? बघितलं का गेले हंडे. लांब बघायचं, त्या काठावरच्या लिंबाकडं. पायाला जमीन आपसूक घावती."

वेल्डरची नजर जिथे जोड आहे तिथे खिळते. ती जन्माची सवय. पण त्या दिवसापासून तो लांबच्या लिंबाकडे बघायला शिकला. आठ दिवस तो नुसता मला खांद्यावर घेऊन तळात पळायचा आणि थांबताना रेटा द्यायचा. लिंबाकडे बघत, पुन्हा पुन्हा. मग एका सकाळी तो खरंच पायावर उतरला. दोन पावलं चालला आणि उभा राहिला.

"एक!" वत्सलाबाई ओरडली.

चार दिवसांनी दोन झाले.

तिसऱ्याच्या दिवशी निघायला उशीर झाला. टँकर उशिरा आला होता आणि ती पाणी भरल्याशिवाय येणार नव्हती. वारा कळावा म्हणून तळात एका काठीला तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली असायची. ती त्या दिवशी नव्हती. बिभीषणच्याच एका शेळीने ती खाल्ली होती. दुष्काळात शेळी कापडसुद्धा सोडत नाही.

धर्मराजने वरून पाहिलं. पट्टी नाही, पण कळप आहे. बिभीषण नेहमी सांगायचा, मेंढरू वाऱ्याला पाठ देतं. सकाळी ते अगदी खरं असायचं, आणि तिघंही कळप बघूनच उतरायचे. कळपाच्या पाठी दक्षिणेला होत्या, म्हणजे वारा दक्षिणेचा. आम्ही दक्षिणेकडे तोंड केलं.

पण चैतातली दुपार होती. भर उन्हात मेंढरं वाऱ्याचा विचार करत नाहीत. उन्हाला पाठ देतात आणि एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. वारा उत्तरेचा होता. तो आम्हाला मागून ढकलत होता. रेटा दिला तरी मी थबकलो नाही. धर्मराज धावत्या गाडीतून उडी मारल्यासारखा पडला, त्याची हनुवटी फुटली आणि दहावी नळी वाकली.

वत्सलाबाई धावत आली. हात बघितले, मनगटं बघितली, हनुवटीला पदर लावला. सगळं जागेवर आहे हे कळल्यावर म्हणाली, "दोन झालते. आता शून्य."

"वहिनी," रामकिसन म्हणाला, "ही मेंढराची चूक हाय. ह्ये धरायचं न्हाई."

"ठरावात मेंढरं न्हाईत."

बिभीषण मान खाली घालून उभा होता. "माझ्या जनावरांनी तिसरं खाल्लं बे," तो म्हणाला, आणि सगळे हसले. धर्मराजही हसला, हनुवटी धरून.

वैशाखात पुन्हा एक झालं. पुन्हा दोन झाले. राहिलं एक. तेवढ्यात पाऊस आला आणि त्या साली बरा आला. तलावात पाणी साठलं. गाव खूश झालं. आमची उतरायची जागा पाण्याखाली गेली.

"आसू द्या," वत्सलाबाई म्हणाली. "पानी हाय तवर तुमी जमिनीवरच बरे. आटलं का करू तिसरं."

कारखाना सुरू होणार होता. धर्मराजने मला पिशवीत घातलं आणि कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तुळईला बांधून ठेवलं.

पुढचं मी पाहिलं नाही. जे ऐकलं ते सांगतो. श्रावणात तिचं पोट दुखायला लागलं. आधी बीड, मग औरंगाबाद. डोळे पिवळे झाले. दिवाळीच्या आठ दिवस आधी ती गेली. रामकिसन हे वर्कशॉपच्या दारात कोणाला तरी सांगत होता. तुळईवर मला ते सगळं ऐकू आलं. मला काही झालं नाही. मला काही होत नाही. कापडाला ताण कळतो, नळीला वजन कळतं. त्या दिवशी माझ्यावर ना ताण होता ना वजन.

धर्मराज कामावर आला. टाके मारले. कोणी बोललं तर उत्तर द्यायचा. एका रविवारी तो सायकलला बांधून कारल्याच्या मांडवाच्या दहाही नळ्या घेऊन आला. एकेक नळी लाकडावर ठेवून लाकडी हातोड्याने सरळ करायला लागला. रामकिसन त्याला शोधत आला आणि बघत उभा राहिला.

"धर्मराज, ह्या आता वापरायच्या न्हाईत. एकदा वाकली का आतून गेलेली आसती."

"म्हाईत हाय."

"मग कावून सरळ करायलास?"

"न्हाई म्हाईत."

दहाही नळ्या सरळ करून त्याने भिंतीला लावून ठेवल्या आणि हात धुतले.

दोन वर्षं मी तुळईवर होतो. पिशवीत उंदरांनी घर केलं. एका तारेला गंज चढला. मग पुन्हा एक पावसाळा कोरडा गेला, पुन्हा कारखाना पेटला नाही, पुन्हा तलावाचा तळ दिसायला लागला. एका दुपारी रामकिसन आणि बिभीषण वर्कशॉपमध्ये आले. रामकिसनच्या हातात वही होती.

"ठराव क्रमांक सात रद्द करून टाकू," तो म्हणाला. "म्हंजी तुला उडता यील."

"ठराव तिचा हाय," धर्मराज म्हणाला. "आपन कोन रद्द करनार?"

"मग तसंच ठिवायचं का? जन्मभर?"

बिभीषण तोवर पायाने लोखंडाचा कीस सारखा करत होता. तो म्हणाला, "रद्द नको करू. पुरा कर. माझ्या शेळीनं ती पट्टी खाल्ली नसती, तर चैतातच तीन झालते. तिनं बघितलं असतं. रोज येतं बे माझ्या डोळ्यापुढं. कळप घेऊन तळातूनच जातो मी. रोज."

"तुजी काय चूक हाय त्यात?"

"हाय का न्हाई ते जाऊ दे. तू उतर."

तिसऱ्या दिवशी सकाळी धर्मराज शिडी लावून वर आला. उंदराचं घरटं काढलं. तार बदलली. कापडाचा टाका न् टाका बोट फिरवून पाहिला. दुधाच्या टेम्पोवरून आम्ही कडेवर गेलो. सह्या झाल्या. रामकिसनने वहीत तीन नावं लिहिली, चौथी ओळ मोकळी सोडली.

उड्डाण फार लांबलं नाही. त्याचा श्वास लांब झाला नाही, आखूडही झाला नाही. जसा होता तसा राहिला. तळात नव्या काठीला नवी पट्टी होती. बिभीषणने कळप गावापलीकडे बांधून ठेवला होता. वारा समोरून, सारखा. जमिनीलगत आलो. हात वर आले. तो लिंबाकडे बघत होता, हे मला त्याच्या खांद्यावरून कळलं. मी मंदावलो. तो क्षण आला आणि त्याने मला रेटलं. मी हवेत उभा राहिलो. त्याने एक पाय ठेवला, मग दुसरा. एक पाऊलसुद्धा पुढे टाकावं लागलं नाही. इतका चांगला तो कधी उतरला नव्हता.

तळात आवाज झाला नाही.

दोघं चालत आले. रामकिसनने वही उघडली, पेन काढलं आणि थांबला.

"लिव्ह की," बिभीषण म्हणाला.

"ठरावात 'समक्ष' हाय," धर्मराज म्हणाला. तो अजून माझ्याखाली, पट्ट्यांत अडकलेलाच होता. "तिच्या समक्ष. तुमच्या न्हाई."

रामकिसनने वही मिटली नाही. मग त्याने घसा साफ केला आणि दूध संस्थेच्या वार्षिक सभेत बोलतो त्या आवाजात म्हणाला, "गणसंख्या पूर्ण नसल्यानं सभा तहकूब करन्यात येतीय. तहकूब सभा अर्ध्या तासानं याच ठिकानी हुईल."

सहकारात हा नेहमीचा नियम आहे. पुरेसे सभासद आले नाहीत तर सभा तहकूब करायची, अर्धा तास थांबायचं, आणि त्याच जागी पुन्हा बसायचं. मग गणसंख्येची अट राहत नाही. गावोगावच्या वार्षिक सभा अशाच होतात. त्या अर्ध्या तासात लोक चहा पितात. कोणी येईल म्हणून कोणी वाट बघत नसतं.

त्या दिवशी तिघांनी वाट बघितली. रामकिसनने घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. धर्मराज पट्ट्यांतून निघाला, मला नाकावर टेकवलं आणि भेगाळलेल्या मातीवर बसला, सांडव्याकडे तोंड करून. बिभीषण त्याच्या शेजारी बसला. वरच्या रस्त्याने टँकर गेला. मुरमाच्या उंचवट्यावर एक टिटवी येऊन बसली आणि उडून गेली. बिभीषणने एकदा तोंड उघडलं, पण रामकिसनने मान हलवली. सभा तहकूब असताना बोलायचं नसतं, असा काही नियम नाही. तरी ते बोलले नाहीत. अर्धा तास फार मोठा असतो. उडताना तो कधी एवढा मोठा वाटला नव्हता.

मग रामकिसन म्हणाला, "वेळ झाली."

धर्मराजने सांडव्याकडे अजून एकदा पाहिलं. पुरतं पाहिलं. मग वहीकडे वळला. "करा सुरू."

"ठराव क्रमांक सात. तिसरं उतरनं. कसं झालं?"

"पायावर," बिभीषण म्हणाला.

"लाभार्थी?"

"पायावर," धर्मराज म्हणाला.

रामकिसनने तसं लिहिलं. चौथ्या ओळीत तिचं नाव लिहिलं आणि पुढे 'गैरहजर' असं लिहिलं. धर्मराजने ते वाचलं. सही केली. मग त्याने मला मिटायला घेतलं. डाव्या पंखाचं कापड ताणणाऱ्या काड्या त्याने उजव्या पंखाच्या पिशवीत भरल्या. इतक्या वर्षांत त्याने ही चूक कधी केली नव्हती. बिभीषणने त्या हळूच काढून बरोबर जागी घातल्या.

त्यानंतर धर्मराज मला अजून दोन हिवाळे उडवत होता. जवळजवळ दर वेळी पायावर. मग एकदा कापडावर बोट ओढलं तर ते कागदासारखं फाटलं. ऊन खाऊन माझं वय झालं होतं. तेव्हापासून मी या खोलीत आहे. तिघांच्या संस्थेने दुसरा पंख घेतला आहे, ठराव घेऊन. गेवराईकडची दोन माणसं शिकायला येतात. धर्मराज आता उडत नाही. तो सांडव्याजवळ बसतो आणि उतरलेल्याला मोठ्याने सांगतो, पायावर की गुडघ्यावर. तेवढंच बोलतो.

मला काढून टाकायचं चाललं आहे. पोत्यांना जागा हवी आहे, आणि ते बरोबरच आहे. माझं कापड कुणाच्या गोठ्याला सावली म्हणून गेलं तरी चालेल. तुमच्याकडे मागणं एवढंच. या वर्षीही तलाव आटला आहे. रविवारी सकाळी कधी या बाजूला आलात, तर थोडा वेळ तळाच्या काठावर बसा. उडण्यातलं काही कळायला पाहिजे असं नाही. खाली येणाऱ्या माणसाला, तू कसा आलास, हे सांगणारं कुणीतरी लागतं. मला ते कधी सांगता आलं नाही. मी त्याच्याबरोबरच खाली येत होतो.